बांधकाम कायदा आणि बांधकामातले वाद

बांधकामाच्या करारातले पैसे, मुदत, दर्जा आणि त्यावरून मालक, काँट्रॅक्टर, सबकाँट्रॅक्टर, डिझाइनर यांच्यात होणारी भांडणं हाताळणारी वकिली म्हणजे बांधकाम कायदा.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेपासून (साधारण इ.स.पू. १७५०) धरतात, घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड आणि भिंत पडायला आली तर त्याने ती स्वखर्चाने पक्की करून द्यायची. पण ही मुख्यतः शिक्षेची कलमं आहेत, आज खरं भांडण असतं ते उशिराचं, म्हणून मूळ १९व्या शतकातल्या इंग्लिश निकालांत शोधणं जास्त पटतं. होम विरुद्ध गपी (१८३८) मध्ये मालकाने जागाच चार आठवडे उशिरा दिली आणि वर उशिराचा दंड कापला, कोर्टाने तो कापू दिला नाही. ज्याने काम अडवलं त्याला त्याच उशिराचा दंड मागता येत नाही हे तत्त्व तिथून पक्कं झालं, आणि करारात मुदतवाढीचं (ईओटी) कलम घालतात ते काँट्रॅक्टरवर फक्त दया म्हणून नाही तर मालकामुळे उशीर झाला तरी नवी तारीख ठरावी आणि मालकाचा एलडी (करारात ठरलेला उशिराचा दंड) कापायचा हक्क टिकावा म्हणूनही, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

सगळ्यात किचकट प्रश्न दोघांचाही उशीर एकाच वेळी झाला तर काय. समजा बेसमेंटचं सुधारित ड्रॉइंग मालकाकडून दहा दिवस आलं नाही आणि नेमके तेच दहा दिवस काँट्रॅक्टरची सळईही साइटवर नव्हती. इंग्लंडमध्ये माल्मेझाँ खटल्यापासूनचा (१९९९) कल असा की मुदतवाढ पूर्ण मिळते, पण सहसा जादा पैसे नाहीत. स्कॉटलंडच्या कोर्टाने सिटी इन खटल्यात (२०१०) उशीर वाटून द्यायचा मार्ग धरला, वॉल्टर लिली खटल्यात (२०१२) इंग्लिश कोर्टाने तो मानला नाही. इंग्लिश मत वापरायला सोपं आहे, वाटणी न्याय्य वाटते खरी, पण कुणाचे किती दिवस हे मोजायला लागणारं रेकॉर्ड सहसा कुणाकडेच नसतं.

आणि केस बहुतेक वेळा रेकॉर्डवरच जाते. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या नमुना करारांत घटना कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस दिली नाही तर मुदतवाढही गेली आणि पैसेही गेले. 'पाऊस, काम बंद' एवढीच साइट डायरीतली ओळ फारशी कामाची नाही, 'सकाळी ९ ते दुपारी ३ पाऊस, फुटिंगच्या खड्ड्यात पाणी, १४ माणसं बसून, पंप एकच' ही ओळ वर्षांनंतरही लवादापुढे उभी राहते.

वाद सोडवायला बोलणी, मध्यस्थी, लवाद, कोर्ट हे नेहमीचे मार्ग आहेतच. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने, जो १९९८ पासून लागू झाला, अ‍ॅज्युडिकेशन (तटस्थ व्यक्तीकडून झटपट निवाडा) आणलं, साधारण २८ दिवसांत निर्णय, आधी पैसे द्या आणि पटलं नाही तर नंतर कोर्टात किंवा लवादात भांडा. मोठ्या प्रकल्पांत सुरुवातीपासूनच तज्ज्ञांचं डिस्प्यूट बोर्ड नेमतात, ते अधूनमधून साइटवर येऊन जातं त्यामुळे तंटा पेटायच्या आधीच बोलणं होतं.