छुप्या शस्त्रवहन परवान्याच्या अर्जातील हँडगनची नोंद

अमेरिकेच्या काही राज्यांत कपड्यांखाली किंवा पिशवीत लपवून हँडगन बाळगण्यासाठी जो परवाना लागतो, त्याच्या अर्जातच अर्जदाराला कोणती पिस्तुले वा रिव्हॉल्व्हर सोबत ठेवायची आहेत हे कंपनी, मॉडेल, कॅलिबर (नळीचे व काडतुसाचे माप) आणि सिरियल नंबर यांसह लिहून द्यावे लागते. परवाना मंजूर झाला की ही यादी परवान्यावर उतरते. त्यानंतर यादीबाहेरची हँडगन, ती अर्जदाराच्याच मालकीची आणि सरकारदरबारी रीतसर नोंदलेली असली तरी, त्या परवान्याच्या जोरावर बाळगता येत नाही. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क ही या पद्धतीची ठळक उदाहरणे होत. टेक्सस, फ्लोरिडा यांसारख्या राज्यांत परवाना फक्त माणसाला मिळतो, त्याच्या कमरेला कोणती हँडगन आहे याच्याशी त्या कागदाचा संबंध नसतो. व्हर्मॉंटमध्ये तर असा परवाना कधी अस्तित्वातच नव्हता, आणि गेल्या काही दशकांत निम्म्याहून अधिक राज्यांनी परवान्याची सक्ती काढून टाकली आहे. त्यामुळे हँडगनची यादी मागणारी राज्ये आज अल्पसंख्य आहेत.

न्यूयॉर्कचा ‘सुलिव्हन कायदा’ १९११ सालचा. राज्याच्या सिनेटचे सदस्य टिमोथी सुलिव्हन यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि लपवता येण्याजोगे शस्त्र जवळ ठेवण्यासाठीच त्याने परवाना आवश्यक केला. कॅलिफोर्नियात लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना १९२३ च्या कायद्याने आला. दोन्ही राज्यांत पुढची अनेक दशके खरी चाळणी यादीची नव्हती, कारणाची होती. ‘सबळ कारण’ दाखवा, मग परवाना मिळेल, असा नियम होता आणि कारण सबळ आहे की नाही हे शेरीफ (काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाचा, मुख्य पोलीस अधिकारी), शहराचा पोलीसप्रमुख किंवा न्यायाधीश ठरवीत. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘न्यूयॉर्क स्टेट रायफल अँड पिस्टल असोसिएशन विरुद्ध ब्रुएन’ या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ही अट घटनाबाह्य ठरवली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी लिहिला. न्यूयॉर्कने लगेच त्याच वर्षी नवा कायदा केला, तर कॅलिफोर्नियात ‘एसबी २’ या विधेयकावर गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये सही केली आणि त्याच्या तरतुदी १ जानेवारी २०२४ पासून लागू करण्याचे ठरले. अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा उरली नाही तेव्हा मोजता, तपासता येणाऱ्या अटींचे वजन वाढले. वय, प्रशिक्षणाचे तास, मालकीची नोंद आणि हँडगनची यादी या त्या अटी. यादी आधीही होती, पण ती बरीचशी कारकुनी बाब होती. आता अर्ज अडू शकतो अशा जागांपैकी ती एक झाली आहे.

कॅलिफोर्नियातील अर्ज

कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने राज्यभरासाठी एकच प्रमाणित अर्ज ठेवलेला आहे. तो काउंटीच्या शेरीफकडे किंवा शहराच्या पोलीसप्रमुखाकडे द्यायचा असतो. हँडगनच्या वर्णनासाठी त्यात एक छोटा तक्ता असतो आणि त्यात लिहिलेलीच हँडगन बाळगता येईल, अशी ताकीद अर्जातच दिलेली असते. किती हँडगन लिहिता येतील याचा आकडा ठिकाणानुसार बदलतो. काही कार्यालये दोन-तीनवर थांबतात, काही अधिक नोंदी स्वीकारतात. यादी कितीही लांब असली तरी एका वेळी दोनपेक्षा जास्त हँडगन सोबत ठेवता येत नाहीत.

तक्ता साधा दिसतो, पण चुका तिथेच होतात. कंपनी म्हणजे हत्यार बनवणारी कंपनी, आणणारी नव्हे. आयात केलेल्या पिस्तुलावर आयातदाराचे नाव आणि गावही कोरलेले असते आणि घाईत तेच लिहिले जाते. कॅलिबरच्या रकान्यात नऊ मिलिमीटर लुगर, पॅराबेलम आणि ९×१९ ही एकाच काडतुसाची नावे असल्याने कोणतेही चालते, मात्र .३८० एसीपी हे काडतूस युरोपात ‘नऊ मिलिमीटर शॉर्ट’ म्हणून ओळखले जात असले तरी ते वेगळे आहे. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलची काडतुसेही चालतात. मालक रोज .३८ च भरत असला, तरी अर्जात नळीवर कोरलेले .३५७ मॅग्नमच यायला हवे.

सर्वांत महत्त्वाचा रकाना सिरियल नंबरचा, कारण बाकीचे तीन रकाने हजारो पिस्तुलांना सारखेच लागू पडतात. १९६८ च्या संघीय ‘गन कंट्रोल ॲक्ट’ने परवानाधारक उत्पादकांना आणि आयातदारांना प्रत्येक बंदुकीवर असा नंबर कोरणे बंधनकारक केले. त्याआधीच्या काही बंदुकांवर नंबरच नसतो. ग्लॉकच्या पिस्तुलावर तो सांगाड्याच्या पुढच्या भागाखाली, नळीच्या खालच्या बाजूस, बसवलेल्या धातूच्या लहान पट्टीवर असतो, तसाच नळीवर आणि वरच्या सरकत्या भागावरही असतो. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर बाहेर काढला की आतल्या खाचेत एक नंबर दिसतो आणि नवखा मालक तोच उतरवून घेतो. बहुधा तो कारखान्यातील जुळणीचा नंबर असतो, खरा सिरियल नंबर मुठीच्या तळाशी असतो आणि लाकडी किंवा रबरी मूठ चढवलेली असल्यास तो झाकलेला असतो. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांची गल्लत तर नेहमीचीच. राज्याच्या संगणकातील नोंदीशी एक अक्षर जुळले नाही तरी अर्ज परत येऊ शकतो. म्हणून जाणते लोक खरेदीच्या वेळच्या कागदावरून नंबर उतरवतात आणि मग तो हत्यारावरच्या नंबराशी ताडून पाहतात.

सुट्या भागांच्या पिस्तुलांनी आणखी एक पेच निर्माण केला आहे. सिग सॉअरच्या पी३२० या पिस्तुलात कायद्याच्या दृष्टीने ‘बंदूक’ म्हणजे आतला घोड्याच्या यंत्रणेचा धातूचा ठोकळा. सिरियल नंबर त्यावरच असतो आणि बाहेरची मूठ, नळी, वरचा भाग हे सगळे बदलता येते. नळी बदलली की कॅलिबरही बदलू शकते. परवान्यावर नऊ मिलिमीटर लिहिलेले आणि कमरेला तोच नंबर असलेले .४० कॅलिबरचे पिस्तूल, अशी स्थिती त्यातून उद्भवते. कायद्याने यादीची कल्पना केली तेव्हा एक नंबर म्हणजे एक अखंड हत्यार हे गृहीतच होते, आणि ते गृहीतक आता पूर्वीसारखे पक्के राहिलेले नाही.

मालकी, चाचणी आणि बदल

‘एसबी २’ नुसार यादीतील प्रत्येक हँडगनचा नोंदलेला मालक अर्जदार स्वतः असावा लागतो. ही नोंद राज्याच्या न्याय विभागाकडे असते आणि दुकानातून घेतलेल्या हँडगनच्या बाबतीत विक्रीच्या वेळीच होते. अडचण येते ती वडिलांकडून आलेल्या, दुसऱ्या राज्यातून सोबत आणलेल्या किंवा नवऱ्याच्या नावावर असलेल्या हँडगनची. परराज्यातून राहायला आलेल्या माणसाने ६० दिवसांत आपल्या बंदुकांची माहिती कळवायची असते. आई-वडील, मुले, आजी-आजोबा, नातवंडे यांच्यातील देवाणघेवाणीसाठी वेगळा अर्ज आहे. पती-पत्नीने घरातील एकच पिस्तूल आलटून पालटून वापरायचे ठरवले, तरी ज्याच्या नावावर नोंद आहे त्याच्याच परवान्यावर ते चढते. न्यूयॉर्कच्या काही काउंट्यांत मात्र पती-पत्नीच्या दोन वेगळ्या परवान्यांवर एकच हँडगन लिहून घेतली जाते.

प्रशिक्षण पहिल्या परवान्यासाठी किमान १६ तासांचे आणि नूतनीकरणासाठी किमान आठ तासांचे आहे. त्यात नेमबाजीची चाचणी असते आणि जी जी हँडगन यादीत हवी, तिने तिने ती द्यावी लागते. म्हणजे तीन हँडगन लिहिणाऱ्याला मैदानावर तिन्ही घेऊन जावे लागते, तिन्हींची काडतुसे न्यावी लागतात आणि प्रत्येकीने लक्ष्य साधून दाखवावे लागते. याचा एक चांगला परिणाम असा की हौसेने लिहिलेल्या नोंदी आपोआप गळतात. खिशात मावणाऱ्या अगदी लहान पिस्तुलाचा झटका हाताला जोरात बसतो आणि त्याने नेम साधणेही अवघड जाते, हे अनेकांना चाचणीच्या दिवशीच कळते. काही शेरीफ कार्यालये हँडगनची प्रत्यक्ष पाहणी करतात आणि घोड्याचा दाब कमी करण्यासारखे फेरफार आढळल्यास ती नाकारतात.

परवाना साधारणपणे दोन वर्षांसाठी असतो. मधल्या काळात हँडगन विकली, चोरीला गेली, दुरुस्तीला टाकली किंवा नवी घेतली, तर यादीत बदल करून घेण्याची सोय कायद्यात आहे. मात्र यादीतील अशा बदलाने परवान्याची मुदत वाढत नाही. नवी हँडगन चढवायची असेल, तर तिच्यासह नेमबाजीची चाचणी आलीच. जुनी हँडगन दुरुस्तीला गेलेली असताना तिच्या जागी हुबेहूब तशीच दुसरी कमरेला लावणे हा परवान्याच्या अटीचा भंग ठरतो, कारण मॉडेल तेच असले तरी नंबर दुसरा असतो. म्हणून यादीत निदान दोन हँडगन ठेवण्याचा सल्ला प्रशिक्षक देतात, आणि तो व्यवहाराला धरून आहे.

न्यूयॉर्क आणि मधला मार्ग

न्यूयॉर्कमध्ये हँडगन घरात ठेवायलाही परवाना लागतो, त्यामुळे तिथला क्रम उलटा पडतो. कॅलिफोर्नियात आधी मालकी, मग वहनाची परवानगी; न्यूयॉर्कमध्ये आधी परवाना, मग ताबा. परवानाधारक दुकानात पसंत केलेल्या हँडगनचे पैसे भरतो, पावती परवाना कार्यालयात नेतो, तिच्यावरील नंबर परवान्यात चढवून घेतो आणि मगच हत्यार ताब्यात घेतो. न्यूयॉर्क शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, तर शहराबाहेर बऱ्याच काउंट्यांत हे काम न्यायाधीशांकडे असते. शहराबाहेरच्या परवान्यांतील प्रत्येक बदलाची नोंद राज्याच्या राजधानीत, ऑल्बनी येथे, राज्य पोलिसांकडे जाते. विकलेली हँडगन यादीतून कमी करून घेणे हेही तितकेच महत्त्वाचे असते, नाहीतर परक्याच्या हातातील पिस्तूल कागदोपत्री जुन्या मालकाच्याच नावावर राहते.

काही राज्यांनी मधला मार्ग काढला. न्यू मेक्सिकोत परवान्यावर नंबर नसतो. रिव्हॉल्व्हर की सेमी-ऑटोमॅटिक (प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारे पिस्तूल) हा प्रकार आणि ज्या सर्वांत मोठ्या कॅलिबरने चाचणी दिली ते कॅलिबर, एवढेच लिहिले जाते. त्याहून लहान कॅलिबर चालते, मोठे चालत नाही. नेव्हाडात पूर्वी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुले एकेक करून परवान्यावर लिहीत, ती पद्धत २०११ च्या दुरुस्तीने मागे पडली. टेक्ससच्या परवान्यावरही २०१३ पर्यंत सेमी-ऑटोमॅटिक चालेल की नाही एवढा शेरा असे.

यादीच्या बाजूने दोन मुख्य युक्तिवाद केले जातात. जे हत्यार माणूस गर्दीत घेऊन फिरणार, ते त्याला चालवता येते हे तपासले गेले पाहिजे. शिवाय रस्त्यात थांबवणाऱ्या पोलिसाला परवाना आणि हत्यार ताडून पाहता आले पाहिजे. विरोधकांचे म्हणणे असे की वाहन चालवण्याच्या परवान्यावर गाडीचा नंबर लिहीत नाहीत. पार्श्वभूमी तपासून, बोटांचे ठसे घेऊन ज्याला विश्वासार्ह ठरवले, तो एका पिस्तुलासह सुरक्षित आणि दुसऱ्यासह धोकादायक कसा ठरेल? चाचणीच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण तो यादीपेक्षा न्यू मेक्सिकोच्या पद्धतीला अधिक बळ देतो. सिरियल नंबरचा आग्रह मूलतः कौशल्यासाठी नसून मालकीचा माग ठेवण्यासाठी आहे, आणि वाद खरा त्याविषयीच आहे.

त्या मागाला खासगीपणाची किंमत आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ‘सीबीएस विरुद्ध ब्लॉक’ खटल्यात अशा परवान्यांच्या नोंदी सार्वजनिक ठरवल्या. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्राने दोन काउंट्यांतील पिस्तूल परवानाधारकांची नावे आणि पत्ते नकाशावर मांडले; त्यावरील गदारोळानंतर पुढच्याच महिन्यातील कायद्यात आपली माहिती गुप्त ठेवण्याची विनंती करण्याची सोय झाली. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाच्या संकेतस्थळावरून सुमारे १,९२,००० अर्जदारांची वैयक्तिक माहिती उघड झाली.

भारतातील पद्धतीशी तुलना

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली महाराष्ट्रात आणि गोव्यात मिळणारा परवानाही हत्याराशी बांधलेला असतो. आधी शस्त्राच्या प्रकारासाठी परवानगी मिळते, ठरावीक मुदतीत खरेदी करायची असते आणि नंतर हत्याराचा नंबर परवान्यात चढवून घ्यावा लागतो. हा क्रम न्यूयॉर्कशी जुळतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. भारतातील हा परवाना कॅलिफोर्नियात उपयोगी पडत नाही. तिथे एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या मराठी माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, बंदूक बाळगण्यासच संघीय कायद्याची मनाई आहे, त्यामुळे हँडगनची यादी भरण्यापर्यंत तो पोहोचतच नाही. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई नाही.