मोबाइलवरून पशुधन सल्ला

जनावरांचा माज (मादी फळण्याचा काळ), गाभणकाळ, आहार, लसीकरण आणि आजार यांविषयीची माहिती लघुसंदेश, ध्वनिसंदेश, फोनवरील संभाषण किंवा अॅपद्वारे छोट्या पशुपालकांपर्यंत पोचवण्याची पद्धत. ज्याच्या दावणीला दोनच जनावरे आहेत, त्याच्या गाईचा एक माज नजरेतून सुटला तर पुढचे वेत सुमारे 21 दिवस लांबते आणि तेवढ्या दिवसांची वैरण अंगावर पडते. मोठ्या गोठ्याला हा फटका सोसतो. छोट्याचे घरखर्चाचे गणित बिघडते.

या सल्ल्याचा खरा कस वेळेत आहे. गाय साधारण 12 ते 18 तास माजावर राहते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, म्हणजे गाय भरवावी, हा जुना ठोकताळा. म्हशीत मुका माज असतो, म्हणजे त्याची लक्षणे बाहेरून फारशी दिसत नाहीत; तो ओळखणे आणखी कठीण. गाय सुमारे 280 दिवसांनी आणि म्हैस सुमारे 310 दिवसांनी विते. भरवल्याची तारीख नोंदवलेली असेल, तर दूध कधी आटवायचे आणि विण्याची तयारी कधी करायची हे मोजून सांगता येते. वासराला जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा, हा निरोप त्या रात्री आला तर वासरू वाचते. चार दिवसांनी आला तर त्याचा काही उपयोग नाही.

हे तत्त्व केनियात नेमके पकडले गेले. सू काहुम्बू यांच्या पुढाकाराने 2011 मध्ये तिथे ‘आयकाऊ’ ही सेवा सुरू झाली. शेतकऱ्याने साध्या फोनवरून गाय आणि तिच्या रेतनाची तारीख नोंदवायची. मग गाभणकाळाच्या टप्प्यांनुसार त्या गाईपुरते संदेश येत राहतात. सर्वांना सरसकट एकच मजकूर धाडण्यापेक्षा ही रीत कितीतरी उजवी आहे.

भारतात किसान कॉल सेंटर 2004 पासून सुरू आहे. 1800-180-1551 या क्रमांकावर सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत शेतीबरोबर जनावरांविषयीही आपल्या भाषेत विचारता येते. 2007 पासून ‘इफ्को’ या खत सहकारी संस्थेच्या ‘इफ्को किसान’ने मोबाइलवर ध्वनिसंदेश पाठवले. वाचता न येणाऱ्यालाही ते ऐकता येत, ही त्यांची मोठी सोय. 2020 मध्ये पशुपालकांसाठी केंद्र सरकारचे ‘ई-गोपाला’ अॅप आले. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा 12 अंकी क्रमांक हा आता त्या जनावराच्या नोंदीचा आधार आहे.

1962 हा क्रमांक मात्र वेगळ्या कामाचा. त्यावर फोन केल्यावर फिरते पशुवैद्यकीय पथक दारात येऊ शकते. पथकात पशुवैद्यक, त्याचा साहाय्यक आणि चालक असतात. सल्ल्यामागे असे हात असायलाच हवेत. विल्यावर दुग्धज्वराने (अंगातले कॅल्शियम घटल्याने) गाय खाली बसली किंवा वासरू अडले, तर फोनवरच्या शब्दांनी ती उठत नाही. फोटो पाहून केलेले निदानही कच्चेच. त्यावर विसंबून प्रतिजैविके टोचणे घातक, कारण औषधाचा अंश दुधात उतरतो.

ऑगस्ट 2022 मध्ये महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यातून लंपी त्वचारोग पसरू लागला, तेव्हा मोबाइलची दोन्ही रूपे दिसली. आजारी जनावर वेगळे बांधा, गोचीड-माश्यांचा बंदोबस्त करा, गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचून घ्या, हे निरोप गावोगाव फिरले. त्याच वाटेने दूध पिण्याने माणसाला रोग होतो ही अफवाही फिरली. हा रोग जनावरापासून माणसाला होत नाही.

संदेशाची भाषा हाही कळीचा मुद्दा आहे. कासेच्या सुजेला ‘स्तनदाह’ लिहिले तर गोठ्यात कळत नाही; ‘दगडी’ म्हटले की कास चाचपून पाहिली जाते. तसाच ‘तिवा’ (तीन दिवसांचा ताप), तशीच ‘खुरकूत’ (तोंडाला आणि खुरांना फोड आणणारा रोग). शिवाय शेळ्या बहुधा बाईच्या राखणीत आणि फोन घरातल्या पुरुषाच्या खिशात, अशी अनेक घरांची स्थिती. आंत्रविषाराच्या (शेळ्यांच्या आतड्यांतल्या जीवघेण्या रोगाच्या) लशीचा निरोप तो वाचून पुसून टाकतो. त्यामुळे बचत गटांतून तयार झालेल्या पशुसखी, म्हणजे जनावरांची काळजी शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया, या पद्धतीत फार मोलाच्या ठरतात. त्या निरोप स्वतःच्या फोनवर घेतात आणि शेळ्या रानात सुटण्याआधी घरोघरी जाऊन सांगतात.