स्टिअरिंगचा पंप हवा धरतो तेव्हा

गेल्या एप्रिलमध्ये अमळनेरहून चोपड्याकडे जाताना माझ्या जुन्या डिझेल गाडीचे स्टिअरिंग जड झाले. स्टिअरिंग हलके करणाऱ्या पंपाच्या सीलमधून ऑइल गळत होते, त्यामुळे नवा पंप बसवून घ्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी केळीच्या बागेकडच्या अरुंद रस्त्यावर गाडी वळवताना बॉनेटखालून घुरघुर सुरू झाली. एक्सिलरेटर दाबला की ती चढत जाऊन कण्हल्यासारखी होई आणि स्टिअरिंग सरळ केले की उतरे. ज्याने ऐकले त्याने नवा पंपच खराब ठरवला. मला मात्र तो आवाज ओळखीचा वाटला, कारण विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप बिघडला की असाच कुरकुरतो, आणि तेव्हा आमच्याकडे कोणीही सहज सांगते, ‘पंप हवा धरी ऱ्हायना,’ म्हणजे पंप हवा ओढतो आहे.

गाडीतला पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. त्याच्या आत लंबगोल कड्यामध्ये एक रोटर असतो आणि रोटरच्या खाचांमध्ये आत-बाहेर सरकणारी पाती असतात. दोन पात्यांमधली जागा मोठी होते तेव्हा तिथला दाब उतरतो आणि स्टिअरिंग ऑइलच्या छोट्या टाकीतले ऑइल आत येते; तीच जागा लहान होऊ लागली की ऑइल दाबले जाऊन स्टिअरिंगकडे जाते. चाके पूर्ण वळवून धरली तर हा दाब साधारण ७० ते ११० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या तितक्याच पट होतो. ऑइल जवळजवळ दबत नाही, म्हणूनच त्याच्यामार्फत जोर पोहोचवता येतो. हवा मात्र सहज दबते. हवेचा बुडबुडा कमी दाबाच्या बाजूकडून जास्त दाबाच्या बाजूला गेला की क्षणार्धात चेपला जातो, आणि असे असंख्य बुडबुडे पात्यांमागून पात्यांत चेपले जात असताना जो आवाज होतो तीच ती घुरघुर. ऑइल पुरेसे आत येऊ शकले नाही, तर बाहेरची हवा नसतानाही दाब उतरून ऑइलमध्येच बुडबुडे तयार होतात. कारण साध्या खनिज तेलात आकारमानाच्या सुमारे ८ ते १० टक्के हवा मुळातच विरघळलेली असते. द्रवातली पोकळी मिटताना किती प्रचंड दाब निर्माण होतो, याचे गणित लॉर्ड रेले यांनी १९१७ मध्ये मांडले होते. जहाजांच्या पंख्यांचा धातू त्यामुळे खड्डे पडून झिजत असे. घुरघुर करणारा पंप तसाच वापरत राहिल्यास तोही आतून खराब होतो, म्हणून या आवाजाकडे दुर्लक्ष करू नये.

पंप बदलताना पाईप सुटतात, ऑइल सांडते आणि रिकाम्या जागेत हवा भरते. ती काढण्यासाठी पुढची चाके जमिनीवरून उचलून गाडी स्टँडवर भक्कम टेकवावी, मागच्या चाकांना दगडाची किंवा ठोकळ्याची ओट लावावी, टाकी खुणेपर्यंत भरावी आणि इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवावे. मध्ये मध्ये ऑइल घालत राहावे. इंजिन बंद ठेवण्याचे कारण असे, की चालू पंप मोठ्या बुडबुड्यांचे बारीक तुकडे करतो आणि बुडबुड्याचा व्यास निम्मा झाला की त्याचा वर येण्याचा वेग चौपट कमी होतो. फेस आलेले ऑइल तासभर स्वस्थ ठेवले तर बरीच हवा आपोआप निघते. मग इंजिन चालू करून तेच पुन्हा करावे, पण टोकाला स्टिअरिंग चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. टोकाला जो फुसफुस आवाज येतो तो दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा असतो, तो बिघाड नव्हे.

माझ्या गाडीत हे सगळे करूनही दोन दिवसांत आवाज परतला. टाकीचे झाकण उघडले तर लाल ऑइल गुलाबीसर, दुधाळ दिसत होते, आणि इंजिन बंद करताच त्याची पातळी बोटभर वर आली, कारण दबलेली हवा मोकळी होऊन फुगली. म्हणजे हवा नव्याने आत येत होती. खाली मात्र थेंबही गळत नव्हता, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. दाबाच्या पाईपला भोक पडले तर ऑइल बाहेर उडते. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या पाईपात इंजिन चालू असताना दाब कमी असतो, त्यामुळे तिथली फट ऑइल बाहेर सोडण्याऐवजी हवा आत ओढते. विहिरीवरचा सक्शन पाईप, म्हणजे पाणी ओढून घेणारा पाईपही असाच फसवतो, म्हणून शेतकरी त्याच्या जॉइंटवर चिकणमाती किंवा शेण थापतात आणि पाणी येऊ लागले की दोष तिथेच असल्याचे ओळखतात. मी इंजिन चालू ठेवून, पट्ट्यापासून हात लांब राखून, सक्शन पाईपच्या टोकाशी त्याच जातीचे ऑइल ब्रशने लावले. घुरघुर क्षणभर दबली आणि पुन्हा सुरू झाली. पाईप काढून वाकवला तेव्हा क्लॅम्पखालच्या कडक रबरात आडवी चीर दिसली. आपल्या भागात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त तापते, त्यामुळे रबर लवकर वाळते. पंप नवा घेतला होता, पण वीस वर्षांचा पाईप तसाच ठेवला होता.

सक्शन पाईप ठीक असेल, तर पंपाच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, जुनीच राहिली का, हे बघावे. टाकीतली जाळी जुन्या पंपाच्या धातूच्या चुऱ्याने बुजली असेल, तरीही ऑइल अडते. म्हणून पंप बदलताना जुने ऑइल पूर्ण काढून टाकी धुणे मला आवश्यक वाटते. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्याच जातीचे हवे, कारण लाल आणि हिरवे ऑइल एकमेकांत मिसळून चालत नाही. सुरुवातीलाच किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर पट्टा सैल असतो किंवा पुली सरळ रेषेत बसलेली नसते. इंजिन बंद असतानाही स्टिअरिंग फिरवताना आवाज येत असेल, तर मात्र दोष पंपात नसून खालच्या जॉइंटमध्ये शोधावा. दाबाच्या पाईपची गळती बोटाने चाचपू नये, कारण बारीक भोकातून उडणारे ऑइल कातडीत घुसू शकते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

नवा पाईप आणि क्लॅम्प बसवून हवा काढली, तेव्हा टाकीतले ऑइल स्वच्छ लाल दिसू लागले आणि इंजिन बंद केल्यावर त्याची पातळी जागची हलली नाही. पंप तोच आहे.