आशाताई घरी येऊन बाळ का तपासते? सुरुवात गडचिरोलीची

बाळंतीण घरी आली की आशाताई येते, बाळाचं वजन करते, ताप बघते, दूध नीट पितंय का विचारते, आणि आपल्याला वाटतं ही कुठलीतरी दिल्लीत ठरलेली योजना. पण हिचं मूळ आपल्या गडचिरोलीत आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ ला तिथं कामाला लागले. जिल्हा चंद्रपुरातून १९८२ ला वेगळा झालेला, सगळं जंगल, दवाखाना लांब. आधी त्यांनी लहान मुलांच्या न्यूमोनियाला हात घातला, गावातल्याच माणसांना आणि दायांना श्वास मोजून (फार भरभर चालला तर न्यूमोनियाची शंका) औषध द्यायला शिकवलं. ज्या दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. किती साधं आणि किती हुशार! मृत्यू कमी झाले, १९९० ला 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात पेपर आला.

तरी अगदी नवजात बाळं जातच होती. १९९५-९६ ला ३९ गावांतली ७६३ बाळं घरोघरी जाऊन पाहिली तर निम्म्याहून जास्त बाळांना उपचाराची गरज होती, मिळाले फक्त २.६ टक्क्यांना. 'दवाखान्यात न्या' हे सांगून काय होणार, पैसे नाहीत, गाडी नाही, आणि बाळंतिणीनं खोली सोडायची नाही हा रिवाज. मग गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला ऊब देणं, जन्मल्यावर रडलं नाही तर श्वास सुरू करणं, आणि जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिन या जंतू मारणाऱ्या औषधाचं इंजेक्शनसुद्धा, तेही घरातच. माझ्या मते खरी धाडसाची गोष्ट हीच होती, कारण सुई म्हणजे डॉक्टरचं काम असंच सगळे धरून चालतात. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर, हे काम नसलेल्या तुलनेच्या गावांच्या मानानं, ६२ टक्क्यांनी घटला, हे १९९९ ला 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

२००९ ला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं घरभेटींची शिफारस केली, २०११ ला भारतभर आशांच्या घरभेटींचा कार्यक्रम सुरू झाला. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ६ भेटी, घरी झालं तर ७, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. पण देशभरात जाताना इंजेक्शनचा भाग मागे पडला, आशानं धोका ओळखायचा आणि दवाखान्यात पाठवायचं यावरच भर राहिला, म्हणजे जिथं गाडीच मिळत नाही तिथं अडचण होती तिथंच. आणि या सगळ्या भेटींचे आशाला तेव्हा मिळून २५० रुपये ठरवले, जे फारच कमी होते.