विहिरीचं पाणी आणि माणसाची तब्येत

श्रावणातली गोष्ट. केज तालुक्यातल्या आमच्या गावी समाजमंदिरात आरोग्य शिबिर होतं आणि आत्या यायला तयार नव्हती. वय ४६. "मला काय धाड भरलीय? काल सांजपर्यंत सोयाबीन खुरपलंय की." शेवटी आशाताईच्या शब्दाखातर आली. सिस्टरने तिची खालची पापणी ओढून पाहिली. जिथं लालसर दिसायला हवं तिथं पांढरं फटक. बोटाला टोचून थेंब घेतला, यंत्रावर आकडा आला ७.४. सिस्टरने दुसऱ्या बोटाचा थेंब घेऊन पुन्हा पाहिलं. तेवढाच. बाईच्या रक्तात दर डेसिलिटरमागे निदान १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असावं. ८ च्या खाली गेलं की तो तीव्र रक्तक्षय.

आत्या खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच काही झाल्यासारखं वाटत नव्हतं, कारण तिच्या शरीराने ते तिच्यापर्यंत पोहोचूच दिलं नव्हतं. अपघातात रक्त भराभर गेलं तर माणूस जागेवर कोसळतो. पण दर महिन्याला अंगावरून जास्त जाऊन वर्षानुवर्षं रक्त थोडं थोडं उतरत गेलं, तर शरीर वाट काढतं. हृदय दर मिनिटाला जास्त रक्त फिरवतं. तांबड्या पेशींमध्ये एक रसायन वाढतं, त्यामुळे हिमोग्लोबिन आपल्याजवळचा प्राणवायू स्नायूंपाशी जास्त सहज सोडून देतं. निम्म्या मालावर दुकान चालवायला शरीर शिकतं. बाईला जाणवतं ते एवढंच, की घागर घेऊन चढ चढताना पाराजवळ एकदा टेकावं लागतं. आणि ते 'आता वय झालं' म्हणून खपून जातं.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. जे निम्म्याहून जास्त जणींना आहे, ते मग आजार वाटेनासं होतं. शेजारीण दमते, जाऊ दमते, आपणही दमतो; बाईमाणसाचं असंच असतं, असं सगळ्याच धरून चालतात. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी २००२ साली याकडे लक्ष वेधलं होतं. केरळातली माणसं देशात सगळ्यांत जास्त जगतात, पण पाहणीत दुखणीही तीच सगळ्यांत जास्त सांगतात. बिहारमध्ये आयुष्य कमी आणि तक्रारीही कमी. शिक्षण आणि दवाखाना जवळ असले की माणसाला आपलं दुखणं ओळखता येतं. तक्रार नसणं म्हणजे आरोग्य, हे मोजमाप म्हणूनच मला धोक्याचं वाटतं.

आमच्या जिल्ह्यात तर आरोग्याचं आणखी एक माप आहे: खाडा पडला की नाही. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याने एक दिवस काम चुकवलं तर तो खाडा, आणि त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही कोयता थांबवता येत नाही. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर अंडाशयंही कमी वयात काढली गेली तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम घटतं आणि हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. कामावर खाडा नाही, पण हाडं आतून झिजतायत. अशा बाईला धडधाकट म्हणायचं का?

दिसण्यावरून ठरवावं, तर तिथंही फसगत आहे. 'तब्येत सुधारली' असं आपण म्हणतो तेव्हा माणूस जाड झाला, एवढंच बहुतेक वेळा म्हणायचं असतं. उलट सडपातळ माणसाकडे पाहून 'याला कसली शुगर' असंही म्हणतो. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मोजमापं छापली. उंची आणि वजनावरून काढायचा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय बारीक, पण पोटाच्या आत चरबी, अशी ठेवण भारतीयांत सर्रास सापडते. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं सांगते: कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि बायांत ८० च्या आत असावा.

मग सरसकट सगळ्या तपासण्या करून टाकाव्यात का? गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने संभाजीनगरला असं भलंमोठं पॅकेज केलं आणि तीन आकडे ठळक अक्षरांत आले म्हणून दोन रात्री झोपला नाही. त्याला जे समजावलं तेच इथं सांगतो. बहुतेक तपासण्यांची 'नॉर्मल' हद्द ठरवताना निरोगी माणसांचेच आकडे घेतात आणि मधले ९५ टक्के हद्दीत ठेवतात. म्हणजे दर १०० निरोगी माणसांमागे ५ जण मुळातच हद्दीबाहेर पडणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा २० तपासण्या एकाच निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एखादी तरी हद्दीबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के येते! किंचित पुढेमागे असलेला सुटा आकडा म्हणजे आजार नव्हे. डॉक्टर तो लक्षणांशी ताडून बघतात आणि बऱ्याचदा काही दिवसांनी तीच तपासणी परत करायला सांगतात.

आमच्याकडे जमीन घ्यायला आलेला माणूस विहिरीत डोकावतो, पण पाण्याच्या पातळीवर सौदा करत नाही. पावसाळ्यात सगळ्याच विहिरी तुडुंब असतात. तो विचारतो, मोटर किती वेळ चालते? पाणी तुटल्यावर विहीर परत किती वेळात भरते? खाली सगळा काळा पाषाण, पाणी येतं ते फटींतल्या पाझरातून. पाझर जिवंत असेल तर उपसलेली विहीर सकाळपर्यंत पुन्हा भरते. नसेल तर वरवर सारखीच दिसणारी विहीर माघात कोरडी पडते.

शरीराचंही मला असंच वाटतं. आज आकडा काय आहे यापेक्षा, ताण आल्यावर शरीर कसं सावरतं हे जास्त बोलकं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत आरोग्य म्हणजे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक 'संपूर्ण' सुस्थिती असं म्हटलंय. ही व्याख्या मोठ्या मनाची आहे, पण त्या 'संपूर्ण' शब्दापुढे आपल्यातला एकही जण टिकणार नाही. २०११ साली नेदरलँड्सच्या माख्टेल्ड ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी सुचवली: आलेल्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची आणि स्वतःला सांभाळण्याची क्षमता म्हणजे आरोग्य. मधुमेह असूनही साखर आटोक्यात ठेवून रोज शेतात जाणारा माणूस या मांडणीत निरोगी बसू शकतो. मला ही जास्त पटते.

वैद्यकाच्या कितीतरी तपासण्या हाच उपसा करून बघतात. उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजायचं आणि दोन तासांनी साखर मोजायची. १४० च्या आत उतरली तर शरीराने तो भार निभावला. २०० किंवा वर राहिली तर मधुमेह. उपाशीपोटीचा आकडा चांगला असलेली काही माणसं या दोन तासांनीच उघडी पडतात. पळत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात तेही यासाठीच. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांच्या नाडीचे ठोके १२ किंवा त्याहूनही कमीच उतरले, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांतले मृत्यू इतर कारणं वजा करूनही सुमारे दुप्पट निघाले. मूत्रपिंडाचं तर नवलच आहे. त्याचं निम्मं काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचा कचरा, हद्दीतच दिसू शकतं. वरून पातळी सारखीच, खाली पाझर आटलेला.

घरी करून बघण्यासारखं एक सोपं काम आहे, विशेषतः साठीच्या पुढच्यांसाठी. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. जवळ कुणीतरी उभं असावं. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मांड्यांची ताकद घटली आहे असं समजून डॉक्टरांशी बोलावं.

उच्च रक्तदाब मात्र असा काही सापडत नाही. तो दुखत नाही, दमवत नाही, आणि एक दिवस अर्धांगवायू होऊन समोर येतो. त्याला पट्टा बांधून मोजण्यावाचून इलाज नाही. पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याच्या वर आला तर तो आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी गावच्या उपकेंद्रावर फुकट होते. तोंडाच्या आत पाहण्याचीही सोय त्यातच आहे, आणि मिश्री लावणाऱ्या बायांनी ती टाळू नये.

आत्याला 'पिशवीच काढून टाक' असा सल्ला गावातच दोघी-तिघींनी दिला होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, धोक्याचं काही निघालं नाही, आणि रक्तस्राव गोळ्यांवर आटोक्यात आला. लोहाच्या गोळ्यांनी आधी मळमळलं, शौचाला काळं झालं, तिने आठवडाभर सोडूनही दिल्या. आशाताईने पुन्हा चालू करवल्या: गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा दोन तास लांब, कारण चहा लोह शोषू देत नाही. चार महिन्यांनी आकडा ११.३ झाला, आणि अंगातला लोहाचा साठा भरून यावा म्हणून गोळ्या पुढेही चालूच ठेवल्या.

मार्गशीर्षात गेलो तेव्हा ती विहिरीवरून पाणी घेऊन येत होती. मी मागून चालत होतो. पाराजवळ ती सवयीने थांबली, घागर उतरवायला हात वर नेला. मग तशीच क्षणभर उभी राहिली, आणि घागर न उतरवताच चढाला लागली. "मला वाटायचं, हे असंच असतंय," ती मागे न बघता म्हणाली.