लाल देऊळ आणि रास्ता पेठेतली मशीद

पुण्यातल्या ज्यूंचा विषय निघाला की बोट आपोआप कॅम्पातल्या लाल देवळाकडे जातं. मोलेदिना रस्त्यावरची ती लाल विटांची इमारत आणि तिचा नव्वद फुटी मनोरा पाहून नवखा माणूस चर्चच समजतो. पण शहरातल्या बहुसंख्य ज्यूंचं जगणं त्या मनोऱ्याखाली गेलेलं नाही. ते गेलं रास्ता पेठेत, आणि मराठीत.

हे बहुसंख्य ज्यू म्हणजे बेने इस्राएल, मूळचे कोकणातले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची परंपरागत कथा. त्याचा काळ कुणी नेमका सांगू शकत नाही. ही मंडळी रायगडच्या गावागावांत तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं ‘शनिवार तेली’. आडनावं गावांवरून आली: किहीमकर, पेणकर, दिवेकर, झिराडकर. सणांनाही मराठी नावं मिळाली. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नववर्ष, हा ‘नव्याचा सण’, तर योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, ‘दरफाळणीचा सण’. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं नवस फेडताना मलिदा करतात, तो पोहे, गूळ आणि ओल्या खोबऱ्याचा. मलिदा खाल्ल्यावर कोकणाचा पत्ता वेगळा विचारावा लागत नाही.

घाट चढून ते पुण्याला आले, त्यामागे मुख्यतः लष्कर आणि सरकारी नोकरी. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्याच्या फौजेत बेने इस्राएल अठराव्या शतकापासूनच भरती होत होते, आणि त्यांतले बरेच सुभेदारीपर्यंत चढले. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ साली बांधलं, तेही सामाजी हसाजी दिवेकर या लष्करी अधिकाऱ्यानं. पेशवाई बुडाल्यावर पुणे मोठी छावणी झाली आणि पलटणींबरोबर ही कुटुंबंही आली. पुढे फौजेतली दारं अरुंद झाली, तेव्हा पुढच्या पिढ्या कारकुनी, रेल्वे, बांधकाम खातं आणि दवाखाने इकडे वळल्या.

बगदादी ज्यूंची गोष्टच निराळी. बगदादच्या पाशाच्या जाचाला कंटाळून डेव्हिड ससून १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले. कापूस आणि अफू यांच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा केला. अफूचा उल्लेख पुण्यातले लोक सहसा गाळतात. ससून रुग्णालयाच्या नावाला तो शोभत नाही ना! पावसाळ्यात इलाख्याचं सरकार पुण्याला मुक्काम हलवी, तसे मुंबईचे धनिकही येत. ससूननी इथे १८६३ साली सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं, काम सुरू केलं. तेच हे लाल देऊळ. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरचा. १८६४ साली ससून पुण्यातच वारले, इमारत पुरी झाली १८६७ला, आणि त्यांची कबर तिच्याच आवारात आहे. पुणेकरांनी ‘ओहेल डेव्हिड’ हे नाव बाजूला ठेवून तिला सरळ देऊळ म्हटलं. बेने इस्राएल मात्र आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणत आले आहेत.

दोन्ही समाज ज्यू, पण पंगत एक नव्हती. बगदादींची बोली अरबी, पुढे इंग्रजी. सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात; मुंबईत तर बेने इस्राएलांना त्या दहांत धरायलाही बगदादी कां-कूं करत, आणि दफनभूमीत आपला भाग वेगळा हवा म्हणून भांडत. १९२१ साली रास्ता पेठेत बेने इस्राएलांचं ‘सुक्कथ शेलोमो’ उभं राहिलं. त्याला मनोरा नाही.

मला विचाराल तर पुण्याच्या ज्यू इतिहासातली सर्वांत मोलाची वस्तू इमारत नाहीच. ते आहे १८७४ साली इथे शिळाप्रेसवर छापलेलं हग्गादा. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री मिसरच्या गुलामगिरीतून ज्यूंच्या सुटकेची कथा वाचतात, तिचं हे पुस्तक: हिब्रू मूळ आणि सोबत मराठी भाषांतर. ते छापलं विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात! चित्रांचा साचा आम्स्टरडॅमच्या जुन्या हग्गादांचा, पण बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात, जमिनीवर बसलेल्या.

शिक्षणाचा ओढाही पुण्याकडे होता. बेने इस्राएल समाजातल्या रिबेका रूबेन हुजूरपागेत, म्हणजे पुण्यातल्या मुलींच्या जुन्या शाळेत, शिकल्या आणि १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या. पुढे नावाजलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ झालेल्या डॉ. जेरुशा झिराड याही हुजूरपागेच्याच.

१९४८ला इस्राएल हा देश स्थापन झाला आणि त्यानंतर इथे ओहोटी लागली. इंग्रज गेले तसे बगदादी बहुतांशी विलायतेला वगैरे गेले, आणि बेने इस्राएल इस्राएलला. तिथे लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली. धरणे-मोर्चे झाले आणि १९६४ साली तिथल्या संसदेला त्यांची बाजू घ्यावी लागली. महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला तो २०१६ साली. मागे राहिलेली कुटुंबं थोडी. बगदादींनी बांधलेल्या लाल देवळात आज प्रार्थनेला दहा पुरुष जमतात, ते बहुतेक बेने इस्राएलच असतात.