फ्लूची लस अपुरी असताना आधी कोणाला? पात्रता, कागदपत्रं आणि नोंदणी

फ्लूची लस दरवर्षी नव्याने बनवावी लागते. लसीत कोणते विषाणू घ्यायचे, हे जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात सुचवते. पुढे उत्पादनाला साधारण सहा महिने जातात, त्यामुळे हंगामाच्या तोंडावर तूट पडली की ती भरून काढता येत नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रिटनने लिव्हरपूलमधल्या चिरॉन कंपनीच्या कारखान्याचा परवाना स्थगित केला आणि अमेरिकेला त्या वर्षी मिळायची होती त्यातली जवळपास निम्मी लस हातची गेली.

अशा वेळी 'जो आधी येईल त्याला' हा नियम दिसायला न्याय्य, पण तो धडधाकट माणसांच्याच फायद्याचा. फ्लू ज्यांच्या जिवावर बेततो, त्यांना बहुतेकदा रांगेत उभंही राहवत नाही. म्हणून प्राधान्यगट ठरवतात.

पात्र कोण?

२००४ मध्ये अमेरिकेने लावलेला क्रम आजही चांगला नमुना आहे. ६५ आणि त्यापुढचे वृद्ध, ६ ते २३ महिन्यांची बाळं, गर्भवती, दमा, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार यांसारखं दुखणं असलेले, दीर्घकाळ देखभालीसाठी शुश्रूषागृहात राहणारे आणि रुग्णांची थेट सेवा करणारे आरोग्य कर्मचारी, हे सगळे त्यात होते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही, म्हणून त्याच्या घरातल्यांनाही त्या यादीत जागा होती. बाळाभोवतीची माणसं सुरक्षित ठेवणं एवढंच तिथे हातात असतं. आईने गरोदरपणातच लस घेतली, तर तिची काही प्रतिकारशक्ती बाळालाही मिळते.

पण ही यादी कायमची नसते. २००९ च्या स्वाइन फ्लूत वृद्धांना लागण तुलनेने कमी होत होती, कारण त्यांच्यातल्या अनेकांच्या शरीराला तशा जुन्या विषाणूंची ओळख होती. त्या वर्षी अमेरिकेच्या पहिल्या गटांत गर्भवती, आरोग्य कर्मचारी आणि सहा महिने ते २४ वर्षं वयाची मुलं-तरुण आले. वृद्धांना थांबावं लागलं. अनेक आजोबा-आजींना ते खटकलं असेल, पण माझ्या मते निर्णय योग्य होता: वयाचा मान मोठा, तरी लस जिथे धोका तिथेच जायला हवी. म्हणून मागच्या वर्षीची यादी लक्षात ठेवून जाऊ नका, यंदाची सूचना वाचा.

कागद कोणते?

वयावरून पात्र असाल तर जन्मतारीख असलेलं ओळखपत्र पुरतं. आजार असेल तर डॉक्टरांची अलीकडची चिठ्ठी, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड किंवा चालू औषधांची यादी घ्या. गर्भवतींनी तपासणीचं कार्ड, आरोग्य कर्मचाऱ्यांनी कामाच्या ठिकाणचं ओळखपत्र आणि तान्ह्या बाळाच्या घरच्यांनी बाळाचा जन्मदाखला सोबत ठेवावा. आधीच्या लसीची नोंद असेल तर तीही न्या. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच लस मिळत असेल, तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. दुसऱ्याची तारीख तिथेच लिहून मागा.

केंद्र चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती: शिक्का नाही म्हणून धाप लागलेल्या माणसाला परत पाठवू नका. त्याने स्वतः लिहून सही केलेलं पत्र ग्राह्य धरा. अधूनमधून एखादा अपात्र त्यातून घुसेल, पण खरा गरजू सुटण्यापेक्षा ते बरं.

नोंदणी

आपल्या डॉक्टरांकडे किंवा जवळच्या लसीकरण केंद्रावर नाव द्या आणि प्राधान्यगट स्पष्ट सांगा. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी घरच्यांनी नाव द्यावं आणि घरी येऊन लस देण्याची सोय आहे का, तेही विचारावं. आधीच्या फ्लूच्या लसीने तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ते नोंदणीतच सांगा. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून नंबर लागला की चालढकल करू नका.

गटात बसत नसाल तर सध्या थांबा, पण नाव काढून घेऊ नका. २००४ च्या त्या टंचाईतही जानेवारी २००५ पासून ५० ते ६४ वयाच्या लोकांना लस खुली झाली होती. पुढच्या गटाची घोषणा झाली की पुन्हा चौकशी करा.